हरळीची कड

माझ्या माहेरी, कुंडलला, हरळी म्हणजे घराच्या मागे लागलेली साडेसाती. उसाच्या सरीत एकदा शिरली की खुरप्यानं खुरपा, कुदळीनं खणा, उन्हात वाळवून पेटवून द्या, पुढच्या पावसाला पहिले पाढे पंचावन्न. माझं निम्मं बालपण तिच्या मुळ्या उपसण्यात गेलं. आणि मला दिलं ते अशा घरी, जिथल्या माणसानं फौजेतून निवृत्त झाल्यावर सांगलीत घर बांधलं आणि तीच हरळी विकत घेऊन टेम्पोतून आणली, चटईसारखी गुंडाळून. नर्सरीवाला तिचं काहीतरी विलायती नाव सांगत होता. मी म्हटलं, नाव काही सांग बाबा, मी हिला ओळखते.

पण फार बोलले नाही, कारण आमच्या सुभेदारांचं मला कळत होतं. ते माण तालुक्यातले. तिथं हिरवा रंग पाहुण्यासारखा येतो, चार दिवस राहतो आणि मेंढरं त्यालाही धड राहू देत नाहीत. असा मुलगा भरती झाला आणि पहिल्याच छावणीत त्याला साहेब लोकांच्या मेससमोरचं लॉन दिसलं. पुढं कित्येक वर्षं त्यानं त्या लॉनची कड दोरी लावून, कुदळीनं तासली. दुसऱ्याच्या हिरवळीची. तेव्हाच त्यानं मनाशी ठरवलं की कधीतरी आपलं लॉन असेल आणि त्याची कड आपण तोडू. निवृत्तीनंतर लोक चारधाम करतात, आमच्या ह्यांनी कड केली.

त्यासाठी त्यांनी विजेवर चालणारा एजर मागवला. लांब दांडा, खाली छोटं चाक आणि त्या चाकाशेजारी उभं फिरणारं पातं. गवत वरून कापायचं मशीन वेगळं. हे जमिनीत बोटभर शिरतं आणि कड सरळ तोडतं, थापलेल्या वड्यांची कड आपण सुरीनं काढतो तशी. दर रविवारी सकाळी हे टोपी घालून ते चालवायचे आणि मग खाली वाकून, एक डोळा मिटून, सगळ्या कडेवरून नजर फिरवायचे. मला हसू यायचं, पण चहा मी त्यांना तिथंच नेऊन द्यायची.

शेजारचा प्लॉट माझ्या थोरल्या दिरांचा. त्यांना सगळे दादा म्हणतात. गावचं शिवार मुलांच्या हवाली करून ते आणि माझ्या जाऊबाई, आक्का, इथं राहायला आले. दोन्ही प्लॉट एकदमच घेतले होते आणि मध्ये भिंत घालायची नाही हे दोघा भावांचं न बोलताच ठरलं होतं. फाटकसुद्धा एकच. आमच्या बाजूला लॉन, त्यांच्या बाजूला मेथीचे वाफे आणि वांगी. मधे मोजणीच्या वेळी पुरलेला हद्दीचा दगड होता, पण तो हरळीखाली कधीच गडप झालेला. सकाळी हे आमच्या ओट्यावर आणि दादा त्यांच्या ओट्यावर चहा पीत बसायचे. बोलायचे थोडं, पण एकमेकांना दिसायचे.

आमच्या घरात थोरला दीर भावजयीशी समोरासमोर बोलत नाही. भांडण नाही, रीत आहे. दादांना मला काही सांगायचं असलं की ते ह्यांना म्हणायचे, "सांग तुज्या मंडळीला." हे घरात नसले तर वांग्याच्या झाडाला सांगायचे, "टाकी भरून वाहाय लागलीया, कुनाचं ध्यान हाय का न्हाई." मग मी तुळशीला सांगायची, "बंद करते म्हणावं." इतकी वर्षं आमचं कधी वाजलं नाही, त्याचं श्रेय त्या वांग्याला आणि त्या तुळशीला द्यायला हवं.

मग ह्यांचे गुडघे गेले. मिरजेला आधी उजव्याचं ऑपरेशन झालं आणि डाव्याचंही लागोपाठ करायचं ठरलं. आमच्या मुलीचं घर तिथंच, दवाखान्याच्या जवळ, लिफ्ट असलेलं. म्हणून तो सगळा पावसाळा हे तिच्याकडं राहिले आणि मी दोन्हीकडं ये-जा करत राहिले.

पावसाळा म्हणजे हरळीचा सुगीचा हंगाम. कड तोडणारा माणूस खाटेवर पडलेला, त्यामुळं तिला रान मोकळं. बघता बघता तिचे धुमारे सरपटत दादांच्या मेथीत शिरले. दादांनी उपटून काढले, ती पुन्हा आली. एक दिवस ते ह्यांना बघायला मिरजेला आले, डाळिंबं आणली, गुडघ्याची चौकशी केली आणि उठता उठता म्हणाले,

"म्या काय म्हंतो, मधी भिंत घालून टाकू. खाली पाया आला की तुजी हरळी थांबंल. इटा सांगितल्यात. दसरा झाला की गवंडी यील."

हे म्हणाले, "घाला की."

दादा गेल्यावर ह्यांनी तोंड भिंतीकडं केलं. संध्याकाळी भाकरी तशीच राहिली. मुलीला वाटलं गुडघा दुखतोय. मला ठाऊक होतं काय दुखतंय ते. पण हा माणूस भावाला नको म्हणणार नाही आणि तो भाऊ बोललेला शब्द मागं घेणार नाही. माणच्या दगडाचे दोघं. भिंत उभी राहिली असती, दोन ओट्यांवर दोघांनी भिंतीकडं बघत चहा प्यायला असता आणि कुणी कुणाला काही बोललं नसतं.

मी बसमध्ये बसून विचार केला. भिंतीचं कारण हरळी. ती मेथीत गेलीच नाही, तर भिंत कशाला लागेल? दसऱ्यापर्यंत वेळ होता, कारण काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाया कुणी खणत नाही. घरी आले आणि खोलीतून एजर बाहेर काढला.

तोवर त्याला मी हात लावला नव्हता. हे कुणाला लावूच द्यायचे नाहीत. मी ह्यांना फोन करून सांगितलं तेव्हा पलीकडून लगेच हुकूम सुरू झाले. "वायर खांद्यावरनं मागं टाक, पायात आली तर तूच तुटशील. पातं आधी फिरू दे, मग टेकव. ढकलू नगंस, त्याचं त्याला चालू दे. माती अडकली तर आधी प्लग काढ, मग हात घाल. आन माजे बूट घाल." मी ह्यांचे फौजेचे बूट घातले, आत दोन मोजे. ऊस खुरपताना खोचतात तशी साडी वर खोचून घेतली. डोळ्यांवर गॉगल. आणि पलीकडं दादा वाफ्यात बसलेले, म्हणून डोक्यावर पदर, गच्च खोवून. आक्का दारात आल्या, माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्यांच्या हसण्याचा आवाज मशीन सुरू होईपर्यंत येत होता.

पहिली कड कशी झाली ते सांगायला लाज नाही. मशीन दणकन उडालं, दगड लागला, चिखलाचे सपकारे पदरापर्यंत आले. मी पात्याकडं बघत चालले होते आणि मागं वळून बघितलं तर रेघ अशी वाकडीतिकडी की विचारू नका. दादा वांग्याला म्हणाले, "बैल मुतल्यावानी वळ पडलीया." मी तुळशीला म्हटलं, "पयल्या येळंला बैलसुदिक सरळ चालत न्हाई म्हणावं."

दुसऱ्या वेळी मला माझे वडील आठवले. औत धरताना ते सांगायचे, बैलाच्या खुराकडं बघायचं नाही, पलीकडच्या बांधाकडं बघायचं, म्हणजे तास सरळ येतो. मी दोन खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, पातं दोरीला लावलं आणि पात्याकडं बघायचं सोडून पलीकडच्या खुंटीकडं बघत चालले. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. काळी जमीन ओली असली तर पात्याला लोण्यासारखी चिकटते आणि वाळली तर पातं नुसतं खणखणतं. म्हणून पाऊस उघडल्यावर मी वाफशाची वाट बघायची, मूठभर माती घेऊन दाबायची, ती हातात फुटली की प्लग लावायचा. वीज नेमकी तेव्हाच जायची, तो भाग वेगळा. पण ज्या दिवशी सगळं जुळून आलं त्या दिवशी माझ्या मागं एक रेघ उमटली, काळी, खोल, दोरीसारखी सरळ. मी मशीन बंद केलं आणि वाकून, एक डोळा मिटून तिच्यावरून नजर फिरवली. हे असं का करतात ते मला त्या दिवशी समजलं. माझा ऊर भरून आला. एवढा अभिमान मला मुलगी पहिली आली तेव्हाही वाटला नव्हता, कारण तेव्हा अभ्यास तिनं केला होता.

मग मी सोडलं नाही. मिरजेहून आले की आधी कड बघायची. तुटलेले धुमारे मुळीसकट वेचायचे, पाटीत भरायचे आणि फाटकाबाहेर गाईला घालायचे. मेथीकडं एक काडी गेली नाही. पण दादांनी वांग्यालासुद्धा त्याबद्दल काही सांगितलं नाही. आणि दसरा जवळ आला तसा एक ट्रॅक्टर आला आणि फाटकाशी विटांचा ढीग टाकून गेला. मी त्या ढिगाला वळसा घालून आत आले आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपले कष्ट वाया गेले.

दसऱ्याच्या आधी ह्यांना घरी आणलं. वॉकर टेकत ते फाटकातून आले, विटांकडं बघितलं आणि फरशीवरून ओट्यापर्यंत गेले. खुर्चीत बसले. मी पाणी आणायला आत गेले होते. बाहेर आले तर त्यांचा चेहरा मला ओळखू येईना.

"बांध कोरलाय," ते म्हणाले.

"कुणी?"

"दुसरं कोन? दादानं. बग की, माजं लॉन किती ऱ्हायलंय."

मी बघितलं. इतके दिवस मी वाकून, दोरीशी नाक लावून कड बघत होते. ओट्यावरून, लांबून, कधी बघितलंच नव्हतं. आणि खरंच, लॉन आणि मेथी यांच्या मध्ये उघड्या काळ्या मातीचा चांगला रुंद पट्टा पडला होता. पावसाळ्याआधी तिथं हिरवळ होती. बांध कोरणं म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. दर वर्षी नांगराचा एक फाळ शेजाऱ्याच्या बांधाला लावायचा आणि दहा वर्षांत एक सरी आपल्यात ओढायची. त्यापायी कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत, सख्ख्या भावांचं एकमेकांच्या घरचं पाणी तुटलं आहे. ह्यांच्या डोळ्यांत तेच दिसत होतं. आधी हरळीचं निमित्त, मग विटा आणि आता बांध. ते उठायला लागले. वॉकर लॉनवर टेकवला तर त्याचे पाय ओल्या मातीत रुतले आणि ते तिथंच अडकून उभे राहिले.

"आवं, थांबा," मी म्हटलं. "ते मी केलंय."

आणि मग माझं मलाच उमगलं. कुंडलला आमचे वडील बांध तासायचे तेव्हा म्हणायचे, कुदळ नेहमी आपल्या अंगाला पडली पाहिजे. ढेकूळ पडायचंच तर आपलं पडू दे, शेजाऱ्याचं नको. ते माझ्या हातात इतकं मुरलेलं की मी दर वेळी खुंटी ठोकताना जुन्या कडेच्या बोटभर आत ठोकत होते. मेथीच्या अंगाला पातं घसरलं तर? दादांच्या मातीला लागलं तर? म्हणून थोडं आत. पुढच्या वेळी त्या नव्या कडेच्या थोडं आत. सगळा पावसाळा मी असं नेटानं, सरळ रेषेत आमचंच लॉन खाल्लं होतं.

हे माझ्याकडं बघत राहिले. "कुंपनानंच श्येत खाल्लं की," ते म्हणाले. रागानं नव्हे, पण हसूनही नव्हे. आयुष्यभर ज्या हिरवळीची वाट बघितली ती माझ्या हातानं अशी आटलेली. मी मान खाली घातली नाही, कारण कड सरळ होती. तेवढ्यात ते पुढं वाकले आणि डोळे बारीक करून बघायला लागले.

"ते काय हाय?"

काळ्या पट्ट्यात हद्दीचा दगड उघडा पडला होता. कितीतरी वर्षांनी दिसला. पट्ट्याच्या आमच्या कडेला नव्हे, दादांच्या कडेलाही नव्हे. मधोमध, एकटा उभा.

ह्यांनी लॉनच्या कडेपासून दगडापर्यंत बघितलं. मग दगडापासून मेथीपर्यंत बघितलं. "तू आपल्या अंगाला आत आलीस," ते हळू म्हणाले, "मग मेथी मागं का गेली?"

मेथी स्वतःहून मागं जात नाही. दादा आपल्या ओट्यावरून उठून येतच होते. ह्यांना लॉनमध्ये अडकलेलं बघून पाय उचलत आले आणि वॉकर दोन्ही हातांनी धरून ह्यांना नीट उभं केलं. ह्यांनी तसंच विचारलं, "दादा, वाफा मागं का वडला?"

दादा विटांकडं बघत म्हणाले, "तुज्या मंडळीनं कड आत घ्यायला सुरवात क्येली. मला वाटलं, आता ही मोकळी माती बगून कोन तर म्हनंल, थोरल्यानं धाकल्याचा बांध खाल्ला. मग म्याबी वाफा मागं घ्येतला. ती आनी आत गेली. म्याबी आनी मागं गेलो."

म्हणजे तो सगळा पावसाळा, मी इकडं आणि दादा तिकडं, एकमेकांशी एक शब्द न बोलता, एकमेकांसाठी जागा सोडत मागं सरत होतो. शेजारीपाजारी लोक बांधासाठी डोकी फोडतात आणि इथं दोघांनी मिळून एक बिनमालकाची पट्टी तयार केलेली. हे हसायला लागले. गुडघा दुखत होता तरी हसत राहिले आणि मग डोळे पुसले. दादा हसले नाहीत, पण त्यांनी पागोटं काढून पुन्हा बांधलं.

"ही जागा तुमची, दादा," हे म्हणाले.

"न्हाई, तुजी."

"मी काय करू? लॉन आता तिथवर जायाचं न्हाई."

"मग म्या तर काय करू? मेथी मागं लावलीया."

मोकळी माती हरळीला कधी थांबवत नाही, पुढच्या पावसात तिनं दोघांनाही एकदम गाठलं असतं. दादांची नजर वॉकरच्या रुतलेल्या खुणांवर गेली. मग ते फाटकाकडं चालत गेले, ढिगातल्या दोन विटा उचलल्या, पट्ट्यात आले, हद्दीच्या दगडाशेजारी उकिडवे बसले आणि त्या विटा मातीत आडव्या ठेवल्या. एकीवर हात दाबून बघितला. हलत नव्हती.

मी ओट्यावर उभी होते, पदर सावरत. दादांनी मान वर केली आणि वांग्याकडं नाही, ह्यांच्याकडं नाही, सरळ माझ्याकडं बघितलं.

"बाई," ते म्हणाले, "दोरी घिऊन या. सरळ वळ वडायची तुमीच. आमा दोगास्नी तुमच्यासारकी जमायची न्हाई."

लग्न होऊन आले तेव्हापासून दादा माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. तुळशीकडं बघायची सवय, पण आता तिकडं कशाला बघायचं? "आणते, दादा," म्हटलं आणि खुंट्या आणायला आत गेले. आत जाऊन आधी थोडी रडले, मग खुंट्या घेतल्या.

दसऱ्यानंतर गवंडी आला तेव्हा दादांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. विटा त्यांनी स्वतःच घातल्या, भिंतीसाठी नव्हे, त्या पट्ट्यातून दोन्ही ओट्यांपर्यंत जाणाऱ्या वाटेसाठी, मी ताणलेल्या दोरीनं, रोज थोड्या थोड्या. खाली वाळू चोपली, मध्ये कुठं उंचवटा राहू दिला नाही. आक्का विटा हातात द्यायच्या आणि मला डोळे मिचकवायच्या. विटांचा कठीण काठ मिळाल्यावर एजरचं काम सोपं झालं. चाक विटेवरून चालतं, पातं बाजूनं हरळी तोडत जातं, दोरीसुद्धा लागत नाही. पण मी खुंट्या ठोकतेच, दोरी ताणतेच. आता विटांच्या पलीकडं दादाही मेथीची कड खुरप्यानं तासतात आणि मधूनच विचारतात, "बाई, सरळ हाय का?" सरळ नसली तर मी तसं सांगते.

वाट पुरी झाली त्या सकाळी डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं ह्यांनी तिथूनच सुरू केलं. मी नुकतीच कड तोडली होती, मशीन बाजूला ठेवून वायर गुंडाळत होते. ओट्यावरून उतरून ते वाटेवर आले. वॉकर विटांवर टक टक वाजत होता, कुठं रुतला नाही. अर्ध्या वाटेवर, हद्दीच्या दगडापाशी ते थांबले, एका हातानं वॉकर धरून वाकले, जेवढं वाकवेल तेवढं, आणि एक डोळा मिटून माझ्या कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"आमच्या मेससमोर कधी अशी आली न्हाई," ते म्हणाले.

मग ते पुढं चालत गेले. पलीकडच्या ओट्यावर दादांनी त्यांच्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती, आणि चहाचे कप चार होते.